खेळ मुलांचा, पैसे कुणाचे?

परवा दुपारी जेवणं आटोपून जरा आडवी होते न होते, तोच दाराची बेल वाजली. दारात आमच्या मंडळातली मसालेवाली. नाव लिहीत नाही, तिला आवडायचं नाही. लालबागला चाळीतल्या एका खोलीत राहते, मालवणी मसाला, हळद, गोडा मसाला घरी करून विकते. कोविडनंतर गिऱ्हाईकं फोनवरच पैसे पाठवतात, त्यामुळे तिचा फोन हाच तिचा गल्ला. आणि तोच फोन शाळेतून घरी आल्यावर तिच्या तिसरीतल्या मुलाचा टीव्ही, खेळणं आणि शिकवणीही.

''ताई, चौदाशे नव्व्याण्णव गेले हो,'' ती म्हणाली आणि पाण्याचा ग्लास हातात धरून नुसती बसून राहिली.

झालं होतं असं. मुलगा एक गणिताचा खेळ खेळत होता. 'सात दिवस फुकट' असं वर लिहिलेलं. पुढे जायला पिन मागितला, तो त्यानं दाबला. पिन त्याला पाठ, कारण आईला इंग्रजी वाचता येत नाही, गिऱ्हाइकाचे जादा आलेले पैसे परत पाठवायचे असले की तोच बोटं चालवतो. आठव्या दिवशी वर्षाची वर्गणी आपोआप कापली गेली. आदल्या दिवशी मेसेज आला होता, इंग्रजीत. तो बँकेच्या आणि विम्याच्या पन्नास मेसेजमध्ये कुठेतरी पडून होता.

आता मी माझी चूक सांगते. तो खेळ तिला मीच सुचवला होता. ''नुसती कार्टून बघण्यापेक्षा बरं, अभ्यासाचा आहे, खेळू दे,'' असं तिला महिनाभरापूर्वी मीच म्हटलं होतं! 'अभ्यासाचा' हा शब्द आला की आपल्या आयांची अर्धी सावधगिरी गळून पडते, आणि मीही त्यातलीच.

आम्ही खेळवाल्यांना लिहिलं. आमचं पत्र जाईपर्यंत पाच दिवस उलटले होते आणि त्यांची मुदत संपली होती. पैसे आले नाहीत. म्हटलं तर रक्कम फार मोठी नाही, पण पंधरा-वीस दिवस उन्हात मिरच्या वाळवून उरलेले ते पैसे होते.

ही गोष्ट इथेच संपली असती तर मी 'मुलांच्या हाती फोन देऊ नका' असा नेहमीचा लेख लिहून मोकळी झाले असते. पण त्याच आठवड्यात दादरहून माझी भाची आली. ती आणि तिचा नवरा, दोघं मिळून वर्षभर एक खेळ बनवताहेत. मराठी जोडाक्षरांचा. क आणि ष यांची टक्कर झाली की क्ष होतो, र पायात घुटमळतो, रफार होऊन डोक्यावर चढून बसतो, असं सगळं. मी स्वतः अर्धा तास खेळले, गॅसवरचं दूध उतू गेलं. खेळ गोड आहे. पण साठवणीतले पैसे संपत आलेत आणि तिचा प्रश्न सरळ होता, ''मावशी, याचे पैसे कसे मिळवायचे?''

एका आठवड्यात पैसे कापले गेलेली आईही माझ्याकडे आली आणि पैसे कापू बघणारी आईही. (भाचीला चार वर्षांचा मुलगा आहे.) दोघींपैकी कुणीही वाईट नाही. म्हणून म्हटलं, जरा नीट विचार करू या.

भाचीच्या डोळ्यासमोर एक नाव होतं, किडोपिया. मैत्रिणींनो, तुमच्यापैकी अनेकींनी ते ऐकलं नसेल, मीही नव्हतं ऐकलं. दोन ते सात वर्षांच्या मुलांसाठीचा हा अक्षरं-आकडे-रंगांचा खेळ आपल्या मुंबईतच तयार झाला. अनुपम आणि अंशू धानुका या नवरा-बायकोंच्या 'पेपर बोट ॲप्स' या कंपनीनं तो केला. २०१९ साली नरिमन पॉईंटच्या नझारा टेक्नॉलॉजीजनं तिचा ५१ टक्के वाटा ८३.५ कोटींना घेतला आणि २०२४ मध्ये उरलेल्या वाट्यासाठी ३०० कोटींचा सौदा जाहीर केला. लहान मुलांच्या खेळाला एवढे पैसे! त्याचं गुपित तसं साधं आहे. खेळात जाहिराती नाहीत, आई-बाप वर्गणी भरतात, महिन्याला साधारण आठ डॉलर, म्हणजे आपले सातशे रुपयांच्या आसपास. आणि हे आई-बाप बहुतेक सगळे अमेरिकेतले! मार्च २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातली सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली तेव्हा नझाराच्या दोन उपकंपन्यांचे मिळून ६४ कोटी रुपये तिथे होते, आणि त्यातली एक किडोपियाची. पैसे पुढे सुखरूप निघाले, पण मुंबईत तयार झालेल्या खेळाची कमाई कुठे जमते ते त्यावरून कळलं.

आता त्या धंद्याची दुसरी बाजूही बघा. गिऱ्हाईक आपोआप येत नाही. फेसबुकसारख्या ठिकाणी जाहिराती देऊन एकेका आईला शोधून आणावं लागतं. त्यावर कंपनीचा फार मोठा खर्च होतो. २०२१ मध्ये ॲपलनं आयफोनवर माणसांचा माग काढण्यावर बंधनं आणली, तेव्हा हा खर्च आणखी वाढला. त्यात काही दिवस फुकट वापरून बघायला द्यायचं आणि नंतर वर्गणी सुरू करायची, ही पद्धत जगभर चालते. ती बेकायदा नाही. ज्या आईचा फोन तिच्या एकटीचा आहे, इंग्रजी मेसेज जिला वाचता येतो, मुलाच्या हातात ज्या घरी वेगळा टॅब आहे, तिथे ती चालूनही जाते. लालबागच्या खोलीत मात्र फोन एक आणि वापरणारे चार. तीच पद्धत इथे आली की तिचा अर्थच बदलतो. खेळणारा, पिन दाबणारा आणि ज्याचे पैसे जातात तो, अशी तीन वेगळी माणसं होतात.

म्हणून भाचीला मी पहिल्यांदा हे म्हटलं, ''पैसे जरूर मिळव. फुकटात समाजसेवा कर असं मी सांगणार नाही.'' (बायकांना हे फार सांगितलं जातं. मंडळाचं काम करताना मी पंचवीस वर्षं ऐकतेय.) ''पण पैसे मोठ्या माणसाकडून घे, त्याला कळेल अशा भाषेत आणि खेळाच्या दाराबाहेर.''

दाराबाहेर म्हणजे काय? मी लहान असताना मे महिन्याच्या सुट्टीत बाबा आम्हाला दादरच्या शिवाजी मंदिरात बालनाट्याला न्यायचे. १९५९ साली सुधा करमरकरांनी गिरगावातल्या साहित्य संघाच्या आधारानं मुलांची रंगभूमी उभी केली, पुढे रत्नाकर मतकरींनी स्वतःची संस्था काढून ती वाढवली, आणि दर सुट्टीत मुलांची नाटकं लागायची ही रीतच पडली. तो काही धर्मादाय कारभार नव्हता. तिकीट होतं आणि ते बाबा काढायचे. पण एकदा आत गेलं की गेलं. मध्येच पडदा थांबवून 'राक्षस मरायला हवा असेल तर आणखी पाच रुपये द्या' असं कुणी आम्हा पोरांना विचारलं नाही! आजचे कित्येक खेळ नेमकं तेच विचारतात. हिरे घ्या, नाणी घ्या, नाहीतर तुमचं मांजर उपाशी राहील. सात वर्षांचं पोर मांजराला उपाशी कसं ठेवील?

हा प्रकार शिक्षणाच्या नावाखालीही होतो. 'प्रॉडिजी' नावाचा गणिताचा एक कॅनडातला खेळ आहे. शाळांना तो फुकट मिळतो. पण त्याच मुलानं घरी तो उघडला की सभासदत्व घेतलेल्यांना चांगले पोशाख, चांगले प्राणी आणि बाकीच्यांना साधे, म्हणून २०२१ मध्ये पालकांच्या आणि मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थांनी अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनकडे तक्रार केली. आणि ॲपलला तर २०१४ मध्येच मुलांनी आई-बापांना न विचारता केलेल्या खरेदीपोटी किमान ३ कोटी २५ लाख डॉलर परत करायचं कबूल करावं लागलं होतं. म्हणजे माझ्या मसालेवालीची तक्रार काही लालबागपुरती नाही. तिथल्या आयांसाठी भांडणारं कुणी होतं, एवढाच फरक.

भाचीचा नवरा मग म्हणाला, ''मावशी, जाहिराती ठेवतो. मुलांना काही द्यायला नको.'' मी गप्प बसले, कारण हे ऐकायला छान वाटतं. हिशेब त्यानंच मांडला. आपल्याकडे एक साधी पट्टीची जाहिरात हजार वेळा दिसली तरी पुष्कळदा शंभर रुपयेसुद्धा सुटत नाहीत. म्हणजे जोडाक्षरं शिकणारं पोर जितकं जास्त वेळ पडद्याला चिकटेल, तितकी ह्यांची कमाई. पोर पटकन शिकलं तर नुकसान! असा खेळ चांगला होईलच कसा? शिवाय कायदाही आता तो रस्ता बंद करतोय. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायला आई-बापांची पडताळलेली संमती लागते, मुलांचा माग काढायला आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवायला मनाई आहे, आणि दंड २०० कोटींपर्यंत जाऊ शकतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. त्यातला मुलांबद्दलचा भाग प्रत्यक्ष लागू व्हायचा आहे तो २०२७ मध्ये. अमेरिकेत यूट्यूबनं मुलांची माहिती वापरून जाहिराती दाखवल्या म्हणून २०१९ मध्ये गूगलला १७ कोटी डॉलर मोजावे लागले होते. भाचीचा संसार दोन खोल्यांचा, तिनं या भानगडीत कशाला पडावं?

तिच्या एका मित्रानं भलताच मार्ग सुचवला होता. दहा-दहा रुपये प्रवेश फी घ्या, शुद्धलेखनाची स्पर्धा लावा, जिंकणाऱ्याला पाचशे द्या. ऐकूनच माझ्या पोटात गोळा आला. पैसे लावून पैसे जिंकायचे ऑनलाइन खेळ ऑगस्ट २०२५ च्या कायद्यानं बंद केलेत, असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे. खेळ शुद्धलेखनाचा असला म्हणून काय झालं? त्याच कायद्यात करमणुकीच्या आणि शिकण्याच्या खेळांना मात्र वर्गणी किंवा एकदाच फी घ्यायला मोकळीक आहे, पैज नसली म्हणजे झालं.

शाळांना विकायचं का? शाळा एकदा पैसे देते आणि मुलांना काही मागावं लागत नाही, म्हणून मला स्वतःला हे सगळ्यात पटतं. दादरच्या भवानीशंकर रोडवरच्या नवनीतनं गाईडांच्या जोरावर घराघरांत नाव केलं आणि नंतर संगणकावरचा अभ्यासही शाळांना विकला. पण नवनीतचा माणूस शाळेच्या दारात उभा राहिला तर मुख्याध्यापक चहा मागवतात. भाचीला दोन शाळांनी 'संस्थेला विचारून सांगतो' असं सांगितलं, त्याला चार महिने झाले. पालिकेच्या शाळांचं तर विचारूच नका, २०१५ मध्ये आठवीच्या मुलांना टॅब दिले गेले तेव्हा पालिकेनं खरेदी केलीच की, पण ती निविदेतून होते आणि निविदा भरायला मोठी कंपनी लागते. देणगीवर चालणारी चांगली कामंही आहेत. 'प्रथम बुक्स'चं स्टोरीवीव्हर २०१५ पासून मुलांच्या गोष्टी मराठीतही फुकट वाचायला देतं. त्यांच्या मागे संस्था उभी आहे, हिच्या मागे हिचा नवरा आणि मी.

मग उरतात आई-बाप. आणि इथे एक गोष्ट भाचीच्याही लक्षात आली नव्हती. जोडाक्षरांचा खेळ मराठी माध्यमाच्या मुलांसाठी आहे असं तिला वाटत होतं. अगं, ती मुलं शाळेतच शिकतात ना! खरं गिऱ्हाईक म्हणजे परळ-लालबागच्या टॉवरमधलं इंग्रजी माध्यमातलं मराठी पोर. २०२० च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीचं झालं आणि तिथल्या आया 'द्ध आणि ध्द' करत माझ्याकडे येऊ लागल्या. त्याहून खरं गिऱ्हाईक म्हणजे आजी. नातू 'ज्ञ' ला 'नवीन डिझाइनचा श' म्हणाला तेव्हा रडलेली आजी माझ्या माहितीत आहे. अडीचशे रुपये ती डोळे मिटून देईल. आणि अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा चालतात, तिथले आई-बाप डॉलरमध्ये देतील. किडोपियाकडून घ्यायचं असेल तर हे घ्यावं. तिकडच्यांकडून थोडे जास्त घेऊन इकडची किंमत खाली ठेवावी.

किंमत कशी घ्यायची यावर मात्र आमचं चांगलंच भांडण झालं. भाची म्हणे, महिन्याला ९९ रुपये, आपोआप कापले जाणारे. आपोआप कापले की लोक विसरतात आणि पैसे येत राहतात, हे तिनं अगदी निरागसपणे सांगितलं! मी म्हटलं, ''म्हणजे तुझी कमाई लोकांच्या विसरण्यावर?'' ती रागावली. रागावणं चुकीचं नव्हतं. दर महिन्याला येणारे पैसे नसतील तर पुढचे धडे कशावर बनवायचे, सर्व्हरचं भाडं कशातून द्यायचं? ॲपच्या दुकानात ठेवलं तर छोट्या धंदेवाल्याच्या शंभरातले पंधरा दुकानवाला घेतो, कराचा हिशेब वेगळा. ९९ मधून हातात ८४ पडले तर महिन्याला पन्नास हजारांसाठी सहाशे कुटुंबं हवीत. माझ्याकडे याला फार चांगलं उत्तर नव्हतं. मी फक्त मसालेवालीची गोष्ट सांगितली. ती ऐकून भाची बराच वेळ बोलली नाही.

शेवटी ठरलं ते असं. बालभारतीचं 'किशोर' १९७१ पासून निघतं आणि आपण त्याची वर्षाची वर्गणी भरतो, तशी वर्षाची एकच किंमत, अडीचशे. खेळ ब्राउझरमध्येच चालेल, म्हणजे दुकानाचा वाटा नाही. पहिली वीस जोडाक्षरं कायमची फुकट, त्यासाठी पिन नाही, फोन नंबर नाही, मुलाचं नाव नाही. पुढे जायचं तर कागदाचं कूपन, त्यावर खरवडायचा आकडा, पूर्वी मोबाईलचं रिचार्ज मिळायचं तसं. कूपनावर मराठीत मोठ्या अक्षरात: 'वर्ष संपलं की खेळ थांबेल. पैसे आपोआप कापले जाणार नाहीत.' आणि कूपनं विकायची आमच्या मंडळातल्या बायकांनी, प्रत्येकी चाळीस रुपये तिचे. भाचीला उरतात दोनशे दहा. महिन्याला निदान पंचवीस हजार हवे असतील तर वर्षाला चौदाशेहून जास्त कूपनं खपायला हवीत. खपतील की नाही, देव जाणे. आमचे हे म्हणाले, ''हा धंदा आहे की भिशी?'' मी लक्ष दिलं नाही.

जाता जाता आयांसाठी दोन गोष्टी, कारण मला त्या दिवशी माहीत नव्हत्या. खेळ फोनवरून पुसून टाकला म्हणजे वर्गणी थांबते असं नाही! ॲपच्या दुकानातल्या आपल्या खात्यात 'सबस्क्रिप्शन' असतं, तिथे जाऊन ती बंद करावी लागते. आणि पैसे देण्याच्या ॲपमध्ये 'ऑटोपे' म्हणून एक यादी असते, ती उघडून बघा, काय काय दर महिन्याला कापायला बसलंय ते दिसेल. मी उघडली तर माझ्याच फोनवर दोन सापडली. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पैसे कापण्याच्या निदान चोवीस तास आधी सूचना यावी लागते, पण पंधरा हजारांच्या आतल्या रकमेला दरवेळी ओटीपी लागत नाही. म्हणून तो आदल्या दिवशीचा मेसेज महत्त्वाचा. वर्गणीत अडकवून ठेवणं हा प्रकार नोव्हेंबर २०२३ पासून ग्राहक संरक्षणाच्या मार्गदर्शक नियमांत अनुचित ठरवला आहे, तक्रारीसाठी १९१५ हा नंबर आहे. आम्ही तिथे तक्रार नोंदवली आहे.

गेल्या रविवारी मंडळाच्या खोलीत पहिली दोनशे कूपनं आली. मसालेवाली शेवटी आली. कूपन उलटसुलट करून बघितलं, वरचं मराठी अक्षर अन् अक्षर वाचलं. मग भाचीला विचारलं, ''पुढच्या वर्षी गिऱ्हाईक माझ्याच दारात येऊन भांडणार नाही ना?'' भाची नाही म्हणाली. तिनं दहा कूपनं घेतली, गोड्या मसाल्याच्या पाकिटांबरोबर ठेवीन म्हणाली. त्यातलं एक मुलाला देऊन बघितलं पाहिजे, पण अडीचशे देऊनच, असंही म्हणाली. फोनचा पिन तिनं बदललाय. गिऱ्हाइकाचे पैसे आता ती स्वतःच परत पाठवते, जरा वेळ लागतो.

आजपर्यंत सदतीस कूपनं गेलीत. त्यातली एकवीस आज्यांनी घेतली.